महाकालाच्या गावी घराचा सौदा

उज्जैनला आम्ही गेलो ते महाकालाच्या दर्शनाला नव्हे, घर विकायला. दर्शन झाले, नाही असे नाही. पण बेळगावहून पुणे आणि तिथून रतलामवरून फिरून येणाऱ्या इंदूरच्या गाडीने एवढा प्रवास केला तो रजिस्ट्री कचेरीतल्या कामासाठी. माझ्या सासूबाईंचे माहेर उज्जैनचे. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी लग्न होऊन त्या बेळगावला आल्या, शेजारणींकडून कानडी शिकल्या, पण अजूनही रागावल्या की हिंदीत रागावतात. त्यांच्या माहेरचे जुने घर विकायचे ठरले होते, आणि माहेरी त्यांना 'आत्या' म्हणणारा एक भाचा सोडला तर आता कोणी राहत नव्हते.

आपल्याकडे म्हण आहे, घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून. माझे माहेर धारवाडचे. माझी आई हीच म्हण कानडीत म्हणते, 'मने कट्टि नोडु, मदुवे माडि नोडु'. दोन्ही भाषांत घर विकून पाहावे असे कोणी म्हटलेले नाही. बहुधा पूर्वी ती वेळ फारशी कोणावर येत नसावी.

स्टेशनवर उतरलो तेव्हा २०२३ चा डिसेंबर होता. उज्जैन दक्षिणचे आमदार मोहन यादव १३ तारखेला मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले होते आणि गावभर अभिनंदनाचे फलक लागले होते. पोहे-जिलेबीच्या गाडीवर चर्चा एकच, आता इथल्या जागांचे काय होणार! त्याआधी वर्षभर, ११ ऑक्टोबर २०२२ ला, 'महाकाल लोक'चे उद्घाटन झाले होते. तेव्हापासून यात्रेकरूंची रीघ इतकी की मंदिराभोवतीच्या गल्ल्यांत दर चार घरांमागे एकावर 'रूम उपलब्ध' अशी पाटी. सासूबाई पाट्या वाचत चालत होत्या. "इथे आमचे गणिताचे मास्तर राहायचे," त्या एका लॉजपुढे म्हणाल्या.

महाकाल आणि गोपाल मंदिर यांच्या मधल्या जुन्या वस्तीत घर होते. ही सारी वस्ती मराठी माणसाला परकी वाटत नाही. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे देऊळ पुन्हा उभे केले. गोपाल मंदिर बायजाबाई शिंद्यांचे. पुढे १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी गादी ग्वाल्हेरला नेली, पण त्यांच्याबरोबर आलेली कारकून, भिक्षुक, वैद्य, मास्तर अशी घरे मागे राहिली. माळव्याची ओढ आपल्या भागालाही आहेच. सुळेभावीचे कुमार गंधर्व १९४८ मध्ये आजारपणात देवासला गेले ते कायमचेच. उज्जैनपासून देवास तास-दीड तासावर. सासूबाईंच्या घरी त्यांचा उल्लेख 'आपल्याकडचे' असा होतो. यातले 'आपल्याकडचे' म्हणजे बेळगावचे की माळव्याचे, हे मी अजून विचारलेले नाही.

आता दलालाकडे येते, कारण हा लेख खरे म्हणजे त्याच्यावर आहे.

आपल्याकडे मराठीत दलाल, कानडीत दल्लाळी. उज्जैनला दलालही म्हणतात आणि 'प्रॉपर्टी वाले भैया'ही. शब्द मूळचा अरबी, वाट दाखवणारा असा त्याचा अर्थ. शिव्यांच्या यादीत तो कधी जाऊन बसला कोण जाणे. भाच्याने गाठून दिलेला हा गृहस्थ पंचावन्नच्या आसपासचा, स्कूटरवरून आला. कचेरी अशी नव्हतीच. एका स्टेशनरीच्या दुकानाच्या ओट्यावर बसायचे, तीच कचेरी. वडीलही हेच करत. हातात लाल कापडी बांधणीची वही. रामघाटावरच्या पंड्यांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या असतात, तशीच ही मला वाटली.

मला वाटले होते, तो आधी फूट मोजेल, भिंती ठोकून बघेल, भाव सांगेल. त्याने सासूबाईंना वाकून नमस्कार केला, "बुआजी" म्हणाला आणि विचारले, "इस घर में बेटियाँ कितनी थीं?"

या घरात मुली किती होत्या! सासूबाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दोघी. मी आणि धाकटी. ती गेली." धाकटीला मुले? कुठे असतात? त्याने वहीत लिहून घेतले. घराचा भाव काय तो त्याला झोपेतही सांगता आला असता. त्याला माहीत नव्हते ते एवढेच की हे घर नेमके कोणाचे.

याची हकीकत थोडी मागून सांगायला हवी. आम्ही निघण्याच्या दोन महिने आधी भाच्याने कुरिअरने एक कागद पाठवला होता. हक त्यागाचा. आपल्याकडे हक्कसोडपत्र म्हणतात तेच. सोबत फोन, "आत्या, तू काळजी नको करू, इथे सगळं होऊन जाईल. तू फक्त सही करून पाठव." सासूबाई सही करणारच होत्या. भावाच्या घरातून पैसे कसले घ्यायचे, साडीचोळी मिळाली की पुष्कळ, अशी त्यांची समजूत. आपल्या भागातल्या किती बायकांनी अशा सह्या केल्या असतील! कायदा मात्र केव्हाच पुढे गेला आहे. वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीचा वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १९९४ मध्ये केली, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना त्यातून वगळले. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तो भेद संपला आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टाने उरलेली शंकाही दूर केली. हे सगळे मला वाचून माहीत होते. सासूबाईंपुढे बोलायची मात्र हिंमत नव्हती. सुनेने सासूच्या माहेरच्या मिळकतीवर बोलायचे म्हणजे काय!

बोलला तो दलाल. त्याने भाच्याला सांगितले की कुरिअरने आलेल्या कागदावर मी सौदा पुढे नेणार नाही. घेणारा इंदूरचा, त्याला बँकेचे कर्ज हवे. बँकेचा वकील वंशावळ काढणार आणि आत्या कुठे आहे असे विचारणार. उद्या कोणी म्हणाले की चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईची सही परगावी फसवून घेतली, तर घर कोर्टात आणि दलाली गंगेत. तेव्हा बुआजींना बोलवा. त्यांना सोडायचे असेल तर इथे येऊन, भाव ऐकून, समजून सोडू देत.

भाच्याला हे रुचले नाही, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. पहिल्या संध्याकाळी तो जेवायलाही थांबला नाही.

दलालाने ओट्यावर बसूनच सासूबाईंना आकडा सांगितला. एकूण आकडा, मग त्यांच्या वाट्याचा. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि विचारले, "आणि सही करून सोडलं तर?" तो म्हणाला, तर तुमचा वाटा बाकीच्यांत जाईल, माझ्या दलालीत फरक पडणार नाही. हे शेवटचे वाक्य तो मुद्दाम बोलला. मला ते आवडले.

इथे थोडे विषयांतर. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात घर-जमीन विकण्याची रीत सांगितली आहे. आधी नातेवाईक, मग शेजारी, मग सावकार, या क्रमाने घेण्याचा हक्क, नंतर बाहेरचे. आणि विक्री पुकारायची ती घरासमोर, शेजारच्या चाळीस कुळांच्या देखत, भाव सांगून तीनदा. ज्या उज्जैनला अशोक राज्यपाल होता असे सांगतात, तिथल्या गल्लीत बसून हे आठवणे साहजिक होते. (या ग्रंथाची पोथी मैसूरच्या प्राच्य ग्रंथालयात शामशास्त्रींच्या हाती लागली आणि १९०९ मध्ये छापली गेली, हे आपल्या वाचकांना सांगायला मला नेहमीच बरे वाटते.) चाळीस घरे ऐकत असतील तर दलालाची गरज काय? कोणाच्या घरात किती मुली, कोणाचे किती देणे, भिंत कोणाची, हे त्या चाळीस घरांना ठाऊकच. नातेवाईकांना आधी विचारण्याची रीत आजच्या कायद्यातही एका कोपऱ्यात उरली आहे. वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे एका वारसाला आपला वाटा विकायचा तर दुसऱ्या वारसाला तो घेण्याचा आधी हक्क. पण चाळीस घरे कुठून आणायची? सासूबाईंच्या गल्लीतली निम्मी घरे लॉज झाली. एक भाचा उज्जैनला, दुसऱ्या भावाची बायको आणि मुलगी पुण्यात, बहिणीचा मुलगा इंदूरला, आणि आम्ही बेळगावात. ते चाळीस घरांचे काम आता एक माणूस स्कूटरवरून करत होता.

आणि ते नुसते माहितीचे काम नव्हते. पुढच्या चार दिवसांत मी पाहिले, की आमच्याच घरातली माणसे एकमेकांशी जे बोलू शकत नव्हती ते त्याच्या तोंडून बोलत होती. पुण्याच्या वहिनींना वाटत होते, भाच्याने इतकी वर्षे घर फुकट वापरले. भाच्याला वाटत होते, छपराची गळती, नळपट्टी, आजोबांचे आजारपण सगळे मी निस्तरले, आता हे वाटे मागायला आले. दोघांनीही ते दलालाला सांगितले. त्याने दोघांनाही थोडे गाळून पोचवले. लग्न जमवणारा मध्यस्थ हुंड्याची गोष्ट मानपानाच्या भाषेत सांगतो, तसे. शेवटी असे ठरले की भाच्याला दुरुस्तीच्या खर्चापोटी वाटणीआधी एक रक्कम द्यायची. ही कल्पना कोणाची? वहिनी म्हणतात माझी, भाचा म्हणतो माझी.

घराच्या पुढच्या भागात पूजासाहित्याचे दुकान होते, तीस-पस्तीस वर्षांचा भाडेकरू, भाडे इतके की सांगायला लाज वाटावी. मध्य प्रदेशात भाडेकरूंना १९६१ च्या कायद्याचे संरक्षण आहे; कोर्टात गेलो असतो तर नातवंडांनी निकाल ऐकला असता. दलालाने तीन संध्याकाळी त्याच्याकडे चहा घेतला आणि रस्त्यापलीकडे दुसरा गाळा बघून दिला. त्या गाळ्याचीही दलाली त्याने घेतली असणार. असो.

आता तक्रारीचे. हा माणूस काही संत नव्हता. दलाली आमच्याकडूनही घेणार होता आणि घेणाऱ्याकडूनही. आपल्याकडे हीच रीत आहे, साधारण एक-दोन टक्के, दोन्ही बाजूंनी. इंग्लंडात घरे विकणारा एजंट विकणाऱ्याचा माणूस असतो, पैसे त्याच्याकडून घेतो आणि बांधील त्यालाच. आपला १८७२ चा करार कायदाही एजंट म्हणजे कोणाच्या तरी वतीने वागणारा, असेच धरून चालतो. दलाल मात्र कोणाचाच नसतो, तो मध्ये असतो. तिसऱ्या दिवशी याचा अनुभव आला. आम्ही घरात बसून ठरवले होते की अगदी अडलेच तर अमुक आकड्यापर्यंत उतरू. दुसऱ्या सकाळी घेणाऱ्याने बरोबर तोच आकडा सांगितला, एक रुपया कमी नाही, जास्त नाही. मी दलालाकडे पाहिले. त्याने वहीत डोके घातले.

सासूबाईंनी मात्र सरळ विचारले, "तुमने बताया?"

"बुआजी, सौदा टूट जाता," तो म्हणाला. म्हणजे हो. सासूबाईंनी त्याची दलाली दोन टक्क्यांवरून दीडवर आणली, तिथल्या तिथे. भाजीवालीशी घासाघीस करतात तोच आवाज. त्याने मान्य केले. मला वाटते त्याने तेवढी जागा ठेवलेलीच होती.

अशा माणसांवर सरकारचा काही वचक नाही का, असे वाचक विचारतील. आहे, पण अर्धा. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, ज्याला सगळे 'रेरा' म्हणतात, दलालाला पहिल्यांदा व्याख्या दिली. मध्यस्थ, डीलर, काहीही म्हणा, सगळे त्यात आले. १ मे २०१७ पासून नोंदणी सक्तीची. विनानोंदणी धंदा केल्यास दिवसाला १० हजार रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. हिशेबाच्या वह्या ठेवायच्या, खोटी आश्वासने द्यायची नाहीत. महाराष्ट्राने तर २०२३ मध्ये एजंटांना परीक्षा लावली. पण हे सगळे नव्या प्रकल्पांसाठी. बिल्डरचा नोंदणीकृत प्रकल्प विकणाऱ्याला नोंदणी हवी. जुने घर एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये बसणाऱ्याला कोणी विचारत नाही. बेळगावातही तेच आणि उज्जैनलाही. आमच्या दलालाने घेतलेली बहुतेक मेहनत, वारस शोधणे, रुसवे काढणे, भाडेकरूला हलवणे, कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. त्याची लबाडीही नाही.

शहराबाहेर तर त्याच्या जातभाईंचा वेगळाच अवतार. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये. शिप्रेकाठच्या शेतांतून रिक्षा गेली तेव्हा चालकाने दाखवले, इकडे कॉलनी, तिकडे कॉलनी, पाटीवर देवांची नावे आणि रस्त्याचा पत्ता नाही. नोटरीच्या कागदावर प्लॉट घेतलेले लोक आहेत म्हणाला. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०११ मध्येच स्पष्ट केले आहे, पण प्लॉट बघायला निघालेल्या माणसाला ते कोण सांगणार? सिंहस्थासाठी शेतजमिनी एकत्र करण्याची लँड पूलिंग योजना पुढे आली तेव्हा शेतकऱ्यांनी जोरदार विरोध केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सरकारने ती मागे घेत असल्याचे जाहीर केले. त्या सगळ्या धामधुमीत हे प्लॉट-दलाल काय करत होते, याची कल्पना करता येते.

बयाण्याचा दिवस उजाडला. उज्जैनला बयाना, आपल्याकडे इसार किंवा विसार. जुन्या मराठीत आणि धारवाडकडच्या कानडीतही संचकार. सत्यंकार या संस्कृत शब्दाचे हे रूप, बोललेले खरे करणे. याज्ञवल्क्य स्मृतीत सत्यंकार म्हणून घेतलेले द्रव्य बोल मोडल्यास दुप्पट परत करावे असे सांगितले आहे, आणि त्या स्मृतीवरची मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरांनी लिहिली ती आपल्या कल्याणीत, आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला. दलालाने काढून आणलेल्या स्टँपपेपरवर कलम होते, विकणाऱ्याने सौदा मोडल्यास बयाना दुप्पट परत. त्याला याज्ञवल्क्य माहीत असण्याचे कारण नाही. वडिलांच्या कागदावरून उतरवले, म्हणाला.

विकणाऱ्यांच्या यादीत सासूबाईंचे नाव पहिले होते. वयाने मोठ्या म्हणून, असे दलालाने भाच्याला समजावले. कचेरीत फोटो काढला, अंगठा घेतला. (ऑक्टोबर २०२४ पासून मध्य प्रदेशात 'संपदा २.०' ही ऑनलाइन पद्धत आली आहे आणि काही दस्त घरबसल्या होतात. सोय मोठी, पण आमच्या वेळी ती असती तर सासूबाई उज्जैनला गेल्या असत्या का, असे मनात येते.) हक सोडण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढलाच नाही. बाहेर आल्यावर फक्त म्हणाल्या, "माझ्या नावावरची पहिली मिळकत, आणि तीही विकायच्या दिवशी." भाच्याने त्यांच्यासाठी उसाचा रस आणला. तो त्या दिवशी जेवायला थांबला.

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी. सकाळी दलाल घरी आला, कागदांच्या प्रती द्यायला. प्रती देऊन झाल्या तरी उठेना. मग वही उघडून सासूबाईंपुढे बसला. या गल्लीतल्या जुन्या घरांतल्या मुली कुठे कुठे दिल्या, ते सांगाल का म्हणाला. आता सांगणारे कोणी उरले नाही. धंद्यासाठीच, हे उघड होते. पाचसहा घरे यंदा-पुढच्या वर्षी निघणार, त्याने वासावरून ओळखले होते.

सासूबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या आणि गल्लीच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. वैद्यांच्या घरच्या दोघी, एक धारला, एक नागपूरला. त्यांच्या समोर पुजाऱ्यांची एकुलती एक, ती ग्वाल्हेरला. पिंपळाशेजारच्या घरातल्या तिघी. दोघींचे माहीत आहे, तिसरी पळून जाऊन लग्न केलेली, तिचे नाव घरात घेत नसत. दलालाने पेन थांबवले. "लिहा," सासूबाई म्हणाल्या, "तीही लिहा." आणि रिक्षावाला खाली दोनदा हॉर्न वाजवून गेला तरी त्यांचे चौथे घर चालू होते.